मालिशवाल्या मावशी, कोथरूड : बाळाची मालिश आणि अंघोळ (साडेचार स्टार)

आधीच सांगते, पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा स्टार कापलाय सुट्ट्यांमुळे. हाताला नाव ठेवायला जागा नाही.

मावशींच्या आधी आम्ही एका एजन्सीकडून बाई घेतली होती, नाव घेत नाही. ट्रेन्ड आहे म्हणून पाठवलेली, पैसे अ‍ॅडव्हान्स. तिचा सगळा भर जोरावर. बाळ टाहो फोडतंय आणि ही म्हणते रडू द्या, छाती मोकळी होते. नाक चिमटीत धरून ओढायचं, कानात तेल सोडायचं, आणि कहर म्हणजे छातीच्या गाठी पिळायला निघाली, दूध काढलं पाहिजे म्हणे! अहो, आईच्या हार्मोन्समुळे नवजात बाळाची छाती थोडी सुजते, मुलगा असो की मुलगी, आणि ती आपोआप बसते, पिळलं तर पिकून गळू होऊ शकतं, हे डॉक्टरांनी डिस्चार्जलाच बजावलं होतं म्हणून मी तिथल्या तिथे बाळ उचललं. त्याच दिवशी तिला रामराम. अ‍ॅडव्हान्स अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.

मग शेजारच्या काकूंनी या मावशी सुचवल्या. वय साठीच्या पुढे, बोलणं फटकळ, पण काम बघत राहावं असं. आल्या की बांगड्या-अंगठी काढून डबीत, कोपरापर्यंत हात साबणाने, पंखा बंद, आणि तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. थेट गॅसवर तापवलेलं तेल त्यांना चालत नाही. थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघणार, मग तळहात एकमेकांवर घासणार आणि नुसतेच बाळाच्या पावलांवर ठेवून त्याच्याशी गप्पा मारणार, काय रे लबाडा, रात्री आईला झोपू दिलंस का. बाळ अंग सैल सोडेपर्यंत पुढे सरकत नाहीत. आधी पाय, मग पोट, छाती, हात, पाठ शेवटी. पोटावर बेंबीच्या भोवतीने आपल्याला दिसतं तसं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कारण मोठं आतडं तसंच वळत जातं, मग गुडघे पोटाशी नेऊन सायकल. इथे हमखास गॅस सुटतो आणि मावशी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतात. (नाळ पडेपर्यंत मात्र बेंबीच्या आसपास हात नाही की तेल नाही.) पालथं घेऊन उलटं लटकवणं, हवेत उडवणं असले सर्कशीचे प्रकार अजिबात नाहीत. बाळाने तोंड फिरवलं, अंग ताठ केलं की थांबतात, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाला नसेल तर सुरूच करत नाहीत आणि लस दिलेल्या मांडीला हात लावत नाहीत.

तेल आपलं आपण आणायचं. सासूबाईंना बदामाचं हवं होतं, लखनौची जाऊबाई फोनवर मोहरीचं सांगत होती, मैत्रीण ऑलिव्ह. मोहरीचं तेल त्वचेला त्रास देऊ शकतं आणि ऑलिव्हमध्ये ओलेइक अ‍ॅसिड जास्त, कोरड्या त्वचेच्या बाळांना तेही नको म्हणतात. आम्ही घाण्याचं खोबरेल आणलं, वास न घातलेलं. डिसेंबरात बाटलीत थिजतं एवढीच कटकट.

टाळू भरण्यावरून घरात महाभारत होणार होतं. सासूबाई म्हणाल्या वाटीभर तेल जिरवा, मावशी म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या वेळची बाळं दणकट होती हो, आताची नाजूक," आणि दोन बोटांनी नुसतं तेल टेकवून मोकळ्या! सासूबाई खूश, मीही खूश. टाळू दीड-दोन वर्षांत हाड वाढून आपली आपण भरते, तेलाने नाही, हे मी मनातच ठेवलं. धुरीचं एकदा विचारलं त्यांनी, आम्ही धूर नको म्हटलं, विषय संपला.

बाकी मालिशने रंग उजळेल, हाडं मजबूत होतील या आशेवर पैसे घालवू नका. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब आहेत, रोज 400 आययू, ते चुकवू नका. 1986 साली मायामीत टिफनी फील्ड यांच्या टीमने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीनदा 15 मिनिटं मालिश केली, त्यांचं वजन 47 टक्के जास्त वाढलं हे खरं, पण ती हॉस्पिटलमधली बाळं होती, तुमच्या-आमच्या गुटगुटीत गोळ्याला तोच आकडा लागू होत नाही. आमच्याकडे फरक पडला तो झोपेत. अंघोळ करून दुपट्यात गुंडाळलं की दोन तास निवांत, तेवढ्यात माझं जेवण, अंघोळ आणि डुलकी.

आणखी एक आवडलं म्हणजे शिकवतात. रविवारी त्या येत नाहीत, तर शनिवारी माझा हात धरून दाब किती द्यायचा ते दाखवलं, डोळा मिटून पापणीवर बोट ठेवल्यावर जेवढा सहन होतो तेवढाच. पायांवर बाळ घेऊन अंघोळ घालणं मला काही जमत नाही, तेलाने निसटतं, मी गादीवर मालिश करून टबात घालते. नवरा तर माझ्यापेक्षा छान करतो आता.

वाईट बाजू म्हणजे वेळ. साडेनऊ सांगून साडेदहा, आणि गौरी-गणपतीत गावाला गेल्या की परतीची तारीख विचारायची नाही. काम करताना फोन स्पीकरवर असतो, लेकीच्या सासरच्या सगळ्या भानगडी आम्हाला पाठ आहेत. दर असा: बाळाचे रोज 300, आईची मालिश धरून 600. बदली बाई पाठवत नाहीत. आणि सातव्या महिन्यातच सांगून ठेवा, बाळ झाल्यावर फोन केलात तर मिळणार नाहीत.