बोका घरात मुतून खुणा करतोय: नसबंदी, औषध की डिफ्युझर?

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: कूलर सुरू केला आणि घरभर बोक्याच्या मुताचा भपकारा सुटला. रात्री बाहेरचा बोका खिडकीतल्या कूलरकडे पाठ करतो, शेपटी थरथरवतो आणि गवताच्या जाळीवर पिचकारी मारून निघून जातो. मग पंप तेच पाणी दिवसभर फिरवतो, पंखा वास आत ढकलतो आणि शिव्या खातो घरातला मन्या. तेव्हा पैसे कशावर घालायचे हे ठरवण्याआधी मुततो कोण आणि कसा, ते बघून घ्या. बाहेरचा असेल तर गवत बदला, टाकी घासा, कूलरच्या स्टँडला जाळी मारा. घरच्या मांजराला काही करायची गरज नाही.

घरचाच असेल तर पवित्रा बघा. उभ्यानं, शेपटी ताठ करून दाराच्या चौकटीवर, सोफ्याच्या पाठीवर किंवा धान्याच्या कोठीवर थोडंसंच मूत उडवत असेल तर ती हद्दीची खूण. बसून गादीवर नाहीतर फरशीवर थारोळं करत असेल तर मूत्राशयाचं दुखणं असू शकतं, किंवा शी-शूचा ट्रे त्याला पसंत नसतो. खाली लिहिलंय ते पहिल्या प्रकारासाठी. आणि बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय, पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी तुंबली की दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आता मुद्द्याचं. बोका अजून अखंड असेल, म्हणजे नसबंदी झालेली नसेल, तर माझ्या मते तुलनेला जागाच नाही. आधी नसबंदी. बोक्याच्या शस्त्रक्रियेत वृषणच काढून टाकतात, त्यामुळे तिथं तयार होणाऱ्या नर-संप्रेरकाचा जोर ओसरतो आणि मुताचा तो उग्र दर्पही कमी होतो. अमेरिकेतले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९७३ साली सहकाऱ्यासह मोठ्या वयाच्या बोक्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहापैकी साधारण आठ-नऊ बोक्यांचं फवारणं थांबलं किंवा खूप घटलं. बहुतेकांचं लवकर, थोड्यांचं काही महिन्यांनी. म्हणजे 'आता मोठा झाला, उपयोग नाही' हे खरं नाही. खर्च एकदाच, आणि बोका बहुधा त्याच दिवशी घरी येतो. मांजरीची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागते, ती जरा मोठी. पण माजावर असताना खुणा करणाऱ्या मांजरीलाही तोच उपाय लागू पडतो.

खरी निवड करायची वेळ येते ती नसबंदी होऊनही मुतणाऱ्यांच्या बाबतीत. असे बोके शेकडा दहाच्या आसपास निघतात, मांजरी पाचेक. इथं कारण बहुतेकदा ताण असतो: घरात नवं मांजर, पाहुण्यांची वर्दळ, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका. खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवून तो बोका दिसेनासा केला तरी कधी कधी भागतं. दोन मांजरं असतील तर ट्रे तीन ठेवा, वेगवेगळ्या जागी, आणि रोज साफ करा. फुकटात होणारं हे काम लोक सगळ्यात शेवटी करतात.

एवढ्यानं भागलं नाही तर डिफ्युझर की गोळी? डिफ्युझर प्लगमध्ये खोचायचा असतो. मांजर गाल घासून जी 'ही जागा आपली' अशी खूण ठेवतं, तिच्या कृत्रिम नकलेची वाफ त्यातून निघते. दुष्परिणाम जवळपास नाहीत. पण एक डिफ्युझर ५० ते ७० चौरस मीटर बंदिस्त जागेपुरता असतो आणि साधारण महिन्याला रिफिल लागते. आपल्याकडे मार्च ते जून कूलर चालवायचा म्हणजे खिडक्या-दारं उघडीच, वर दिवसा वीज जाण्याचा धोका. ती वाफ खोलीत टिकणार कशी? हिवाळ्यात, दारं लावलेल्या फ्लॅटमध्ये मी तो जरूर वापरून बघेन. वाऱ्यावर असलेल्या घरात उन्हाळ्यात त्यावर पैसे घालणार नाही.

गोळीचं पारडं जड आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन (माणसांना नैराश्यावर देतात ते औषध) दिलेल्या मांजरांच्या खुणा आठवड्याला सरासरी आठ-नऊ होत्या, त्या आठव्या आठवड्यापर्यंत एकाच्याही खाली आल्या. मात्र रोज तोंड उघडून औषध घालायची तयारी हवी. भूक मंदावते, सुस्ती येते, आणि औषध बंद केल्यावर काहींचं पुन्हा सुरू होतं, म्हणून ते हळूहळू उतरवतात. माणसांची कॅप्सूल २० मिलिग्रॅमची, मांजराचा वाटा त्यातला थोडासाच. तेव्हा मेडिकलमधून आणून घरी अंदाजानं वाटणी करू नका, डॉक्टरांकडूनच मात्रा घ्या. मांजर दोन दिवस जेवलं नाही तरी त्यांना फोन करा, कारण उपाशी राहिलं की मांजराचं यकृत बिघडतं, जाड्या बोक्यांचं तर लवकरच.

'सोडी दे त्याले' हा सल्लाही मिळेलच. पोत्यात घालून शेतशिवारात नेऊन सोडणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि मोकळी झालेली हद्द दुसरा बोका लगेच धरतो.

पुसण्याबद्दल थोडं. चौकटीला काळं फिनाईल लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इलाज पखालीला. वर त्यातला फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि ते पंजे चाटत असतंच. डांबरगोळ्याही तितक्याच वाईट. एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून डाग भिजू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या. लाकडात मुरलेला वास एका धुण्यात जात नाही, दोन-तीनदा करा.