डिफरन्शियलमध्ये १४० की ९० नंबरचं ऑइल? बोलेरो कॅम्परचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर. दिंडोरीकडे द्राक्षाचा मळा आणि पेठ तालुक्यात सासुरवाडीची भातशेती. त्यामुळे सीझनभर क्रेट, खतं, पाण्याच्या टाक्या, आणि पावसाळ्यात चिखल तुडवत, फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यातून ये-जा. मागच्या डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा गोळा) एका वर्षात दोन वेगवेगळी ऑइलं वापरून झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी मे महिन्यात ६० च्या पुढे मागून बारीक ऊंऽऽ असा आवाज यायला लागला. मिस्त्री म्हणाले, "क्राऊन रडतोय भाऊ. एकशेचाळीस नंबर टाकू, आवाज जाईल." क्राऊन म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, त्याला फिरवतो तो छोटा पिनियन. ८५डब्ल्यू-१४० टाकलं आणि आवाज खरंच दबला. पण सावळघाट चढून थांबलो आणि हाऊसिंगला हात लावला, तर क्षणभरही टेकवेना. जाड ऑइल घुसळायला जास्त ताकद लागते आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

ऑगस्टमध्ये मागच्या डाव्या ब्रेक ड्रमवर तेलकट ओल दिसली. ड्रेन प्लग काढला तर खाली घमेल्यात चक्क दुधाचा चहा पडावा तसं ऑइल आलं. पाणी शिरलं होतं. प्लगच्या चुंबकावर नेहमी काजळासारखा मऊ राखाडी लेप असतो, त्याची काळजी नसते. पण या वेळी तो लेप बोटांत चोळला तर बारीक चकत्या टोचल्या. मोठी चूक तिथे कळली. १४० नंबरने आवाज झाकला आणि आत पाण्याने क्राऊन-पिनियन घासत राहिलं.

पाणी आलं कुठून? अ‍ॅक्सलवरच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडातून. घाटातून तापून आलेलं हाऊसिंग ओहोळाच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर आणखी वाईट. तापल्यावर आतला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो, तिथून ऑइल ड्रमपर्यंत पोचतं आणि ब्रेकच धोक्यात येतो. माझ्या बाबतीत दोन्ही झालं.

सप्टेंबरमध्ये सील बदललं आणि ८०डब्ल्यू-९०, एपीआय जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा) भरलं. मॅन्युअलमध्ये मुळात हेच लिहिलेलं होतं. ब्रीदरला ऑइल चालणारी रबरी नळी लावून ती वर टेललॅम्पच्या उंचीपर्यंत नेली आणि टोकाला बाइकचा छोटा पेट्रोल फिल्टर लावला.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल दुकानात बराच गोंधळ घालतात. 'डब्ल्यू' आधीचा आकडा थंडीचा. ८० ची चाचणी उणे २६ अंशांवर होते, ८५ ची उणे १२ वर. निफाडला पारा कितीही उतरला तरी आपल्याकडे ही वेळ येत नाही, त्यामुळे त्यासाठी ७५डब्ल्यूचे जास्त पैसे मोजायची गरज नाही. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलच्या जाडीचा, तो आपल्यासाठी महत्त्वाचा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जीएल-५. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो, म्हणून दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घसटतात. तिथे गंधक-फॉस्फरसची रसायनंच धातू वाचवतात. हाताला दोन दिवस राहणारा तो उग्र वास त्याच गंधकाचा. हेच जीएल-५ मात्र जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये घालू नका, त्यातली काही ऑइलं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खातात. पिंपातलं एकच सुट्टं ऑइल दोन्हीकडे ओतताना मी डोळ्यांनी पाहिलंय. सीलबंद डबा स्वतः न्या, समोर उघडा.

आणखी एक, खालचा प्लग काढण्याआधी वरचा फिलर प्लग सुटतोय याची खात्री करा. तो जाम निघाला तर रिकामं हाऊसिंग घेऊन गाडी जागेवर उभी राहील. ऑइल त्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरायचं, त्यावर नाही. पुढच्या डिफरन्शियललाही हेच. तो बहुतेक जण विसरतात. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) डिफरन्शियल असेल तर मात्र ऑइल मॅन्युअल बघूनच घ्या.

आता आठ महिने झाले. द्राक्षाचा पूर्ण सीझन भरलेल्या क्रेटसह काढला. त्याच घाटानंतर हाऊसिंगवर पाच मोजेपर्यंत हात ठेवता येतो. ड्रम कोरडा आहे. गेल्या आठवड्यात वरच्या प्लगमधून बोट घालून पाहिलं, ऑइल थोडं काळवंडलंय, पण दुधाळ नाही. ६० च्या पुढचा आवाज परत आलाय, मेपेक्षा थोडा जास्तच, कारण घासलेले दात ऑइलने भरून येत नाहीत. क्राऊन-पिनियनचा सेट खरड छाटणी आटोपली की पावसाआधी बदलायचाय. नव्या सेटला पहिलं ऑइल लवकर बदलायचं आणि यापुढे दर पावसाळा संपला की प्लग उघडायचाच, असं ठरवलंय.