बंदुकीचे नियम कुणी करावेत, राज्याने की शहराने?

अमेरिकेत मतदान करणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो. तिथल्या चाळीसहून अधिक राज्यांनी शहरांचा आणि काउंटींचा (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचा) बंदूकविषयक नियम करण्याचा अधिकार कमीअधिक प्रमाणात काढून घेतला आहे. हे योग्य की अयोग्य ठरवताना फ्लोरिडा आणि कोलोरॅडो शेजारी ठेवून पाहावीत.

फ्लोरिडाने १९८७ मध्ये हा विषय राज्याच्या हाती घेतला. २०११ मध्ये त्याला धाकही जोडला: जाणूनबुजून स्थानिक नियम करणाऱ्या लोकप्रतिनिधीला पाच हजार डॉलरपर्यंत वैयक्तिक दंड, वर गव्हर्नर त्याला पदावरूनही काढू शकतो. एकच कायदा असण्याचा फायदा मात्र खरा आहे. मायामीहून टॅम्पाला बंदूक घेऊन निघालेल्याला वाटेतल्या प्रत्येक गावाचे नियम शोधत बसावे लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले, तेव्हा महिन्याभरात विधिमंडळाने खरेदीचे किमान वय २१ केले आणि धोकादायक व्यक्तीकडची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची सोय केली. हे सर्व ६७ काउंटींना लागू झाले. एखाद्या शहराला एवढे कधीच जमले नसते. पण ज्या शहरांना याहून पुढे जायचे होते, त्यांचे हात बांधलेलेच राहिले. दंडाविरुद्ध ती न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरली.

कोलोरॅडोतही २००३ पासून राज्याचाच शब्द चाले. बोल्डर शहराने २०१८ मध्ये असॉल्ट, म्हणजे लष्करी धाटणीच्या, रायफलींवर घातलेली बंदी १२ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने रोखली. दहा दिवसांनी त्याच शहरातल्या सुपरमार्केटमध्ये दहा जणांचा बळी गेला. बंदी असती तर हे टळले असते, असे मात्र म्हणता येत नाही. हल्लेखोर अर्वाडा या दुसऱ्या शहराचा होता आणि त्याने शस्त्रही तिथेच विकत घेतले होते. स्थानिक नियमांची मोठी मर्यादा हीच. शिकागोत गुन्ह्यांत सापडणाऱ्या कितीतरी बंदुका शेजारच्या इंडियानातून येतात.

जून २०२१ मध्ये कोलोरॅडोने कायदा बदलला. आता शहराला राज्यापेक्षा कडक नियम करता येतो, सैल नाही. आणि आपण करतोय ते निषिद्ध आहे हे ज्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, त्यालाच शहर फौजदारी शिक्षा देऊ शकते. प्रवाशाची रास्त तक्रार यात बरीचशी मिटते.

मला कोलोरॅडोचीच मांडणी बरीचशी पटते. वय, पार्श्वभूमी तपासणी, प्रतीक्षाकाळ (खरेदी आणि ताबा यांतले सक्तीचे अंतर) हे खरेदीचे नियम राज्याने करावेत, कारण गावाची वेस ओलांडून बंदूक आणणे सोपे आहे. उद्यानात, नगरपरिषदेच्या सभागृहात बंदूक न्यावी की नाही, हे तिथल्या लोकांना ठरवू द्यावे. नागरिकांचा शस्त्राचा घटनात्मक हक्क शहरांनाही बांधतोच. शिकागोची हँडगनबंदी २०१० मध्ये त्याच कारणाने टिकली नाही.

तुमच्या राज्यात असे विधेयक आले, तर आधी दंडाचे कलम वाचा. निवडून आलेल्या नगरसेवकाला नुसता नियम केल्याबद्दल खिशातून पैसे भरायला लावणाऱ्या विधेयकाला मी पाठिंबा देणार नाही, बाकी मसुदा कितीही चांगला असो.