गंगटोकचा होमस्टे, आठ महिने राहून लिहितोय

दोन रात्री राहून फोटो टाकणाऱ्यांपैकी मी नाही, औषध कंपनीतल्या नोकरीपायी आठ महिने एकाच होमस्टेमध्ये काढलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्याहून निघताना जो भेटेल तो म्हणायचा, मजा आहे बाबा, सिक्कीमला इन्कम टॅक्स नाही. कसली मजा! सूट आहे ती सिक्कीमी माणसाला. १९७५ ला सिक्कीम भारतात आलं तरी त्यांची जुनी करव्यवस्था चालू राहिली, पुढे २००८ ला आयकर कायद्यात कलम १०(२६एएए) घातलं, आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टाने विलीनीकरणाआधीपासून तिथे स्थायिक असलेल्या बाकीच्या भारतीयांनाही त्यात घेतलं. आपण आत्ता बॅग घेऊन आलेलो, आपला टीडीएस पुण्यात कापला जायचा तेवढाच कापला जातो. घर घेऊन कायमचं राहू म्हणाल तर बाहेरच्याला जमीनही मिळत नाही. औषधांच्या फॅक्टऱ्या इथे आल्या त्याही करसवलतीच्या मागे, म्हणजे सवलत कंपनीला, सवलत घरमालकिणीला आणि मधे आपण. मी मार्चमध्ये एलआयसीच्या पावत्या शोधत बसलो तेव्हा आमा (मालकीण, सगळे आमाच म्हणतात) विचारते, भाइ, हे कसले कागद?

आता होमस्टे. खोली छोटी, लाकडी, पंखा नाही आणि लागतही नाही. ऑक्टोबरनंतर सकाळी साडेपाचला खिडकी उघडली की समोर कांचनजंगा, ८५८६ मीटर, आणि याचे वेगळे पैसे नाहीत. जेवण घरचं, भात, डाळ, गुंद्रुकची (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची) आंबट भाजी, सोबत दल्ले मिरचीचं लोणचं. कोल्हापूरचा म्हणून पहिल्या दिवशी दोन मिरच्या खाल्ल्या, पुन्हा नाही खाल्ल्या. भाजी ताजी असते, राज्यात रासायनिक खतं बंद आहेत. आणि हो, दारू महाराष्ट्राच्या मानाने बरीच स्वस्त, ही एक सूट मात्र आपल्यालाही लागू.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, बुटांना बुरशी येते, कपाटात कुबट वास, आणि कांचनजंगा आठवडेच्या आठवडे गायब. दरड पडून एनएच १० बंद झाला की सिलीगुडीहून येणारं सगळं अडकतं, एकदा मी सुट्टी संपवून परत येताना लाव्हा नावाच्या डोंगरातल्या गावावरून फिरून आलो, कंबर मोडली. वायफाय नावापुरतं, गिझर लाइट असेल तर.

पाचपैकी चार. लांब राहणार असाल तर वरच्या मजल्यावरची खोली मागा, खालच्या खोलीची भिंत पावसात पाझरते आणि आमा ते विचारल्याशिवाय सांगत नाही.