अ‍ॅन्की आणि लर्नर्स डिक्शनरी : वर्षभर वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून अमळनेर ते जळगाव जाता-येता गाडीत अवघड इंग्रजी शब्द शिकतोय. घरात अहिराणी, शाळा मराठी, आणि ऑफिसात मात्र ढीगभर इंग्रजी रिपोर्ट. फोनवर अ‍ॅन्की हे कार्डांचं अ‍ॅप आहे, म्हणजे कार्डाच्या समोर प्रश्न, मागे उत्तर, आणि आठवतंय का ते आपणच तपासायचं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. धरणगावजवळ रेंज गेली तरी चालतं.

खरा फरक पडला तो डिक्शनरी बदलल्यावर. मोठ्या डिक्शनऱ्या अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दात सांगतात. मग एकासाठी तीन शब्द शोधत बसा! शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्यांचं तसं नाही. १९७८ च्या लाँगमनने साधारण २००० सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या बसवल्या, तर १९८७ च्या कोबिल्डने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्या. शब्द कोणासोबत येतो ते त्या वाक्यातच कळतं.

नुसती व्याख्या पाठ करून भागत नाही, असं माझं ठाम मत झालंय. 'अ‍ॅबेट' म्हणजे जोर ओसरणं, एवढं पाठ केलं की माणूस पगारही 'अ‍ॅबेट' करून मोकळा होतो. चार उदाहरणं वाचली की वादळ, ताप, राग अशी त्याची सोबत दिसते. मग मी कार्डावर आपलं वाक्य टाकलं : भुसावळची हीट जूनपर्यंत अ‍ॅबेट होत नाही. मे महिन्यात तिथल्या फलाटावर उभं राहिलेल्याला हे कार्ड दुसऱ्यांदा बघावं लागणार नाही. म्हणून माझ्या कार्डावर समोर शब्द नसतो, वाक्य असतं. अर्थ मागच्या बाजूला.

आठवलं तर 'गुड' दाबायचं, नाही तर 'अगेन'. त्यावरून कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते अ‍ॅप ठरवतं. पाठ केलेलं काळाबरोबर कसं निसटतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मांडलं होतं. सगळा खेळ त्यावरच.

तयार मिळणारे शब्दांचे संच मला फारसे पटले नाहीत. बहुतेकांत शब्द आणि एकशब्दी अर्थ, उदाहरणाचा पत्ता नाही. वर्षभरात माझ्या बोलण्यात फरक? जवळजवळ शून्य. वाचनात मात्र भरपूर, संपादकीय आता अडखळत वाचावं लागत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी सेटिंग आधी बघा. अ‍ॅपमध्ये मुळात रोज २० नवीन कार्डं लावलेली असतात. नोकरी सांभाळून ती झेपत नाहीत, आणि लग्नसराईत दोन-चार दिवस गावी गेलं की उजळणीचा डोंगर साचतो. मी ५ वर आणलीत.