उंदरांचा कागद आणि अण्णांची किडनी

मागच्या पावसाळ्यात अण्णांना तोंडाच्या कॅन्सरसाठी मुंबईला नेलं. रेडिएशन, आणि जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. हे औषध किडनीला बाधतं, पाणी भरपूर पाजा, असं सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. भीती तिथूनच बसली. लॉजच्या व्हरांड्यात भेटलेल्या माणसाने ती बरोबर हेरली.

"आमच्या वडिलांचंही हेच होतं," म्हणत त्याने पिशवीतून पुनर्नवा-गोखरूच्या अर्काची बाटली काढली आणि सोबत एका शोधनिबंधाची झेरॉक्स. बाटली 2800 ची, कोर्स तीन बाटल्यांचा. मी बी.एस्सी. झालेला, आलेख बघून गप्प बसलो. निबंध खराही असेल. सिस्प्लॅटिन किंवा जेंटामायसिन या अँटिबायोटिकने उंदरांच्या किडन्या बिघडवायच्या, सोबत अर्क द्यायचा आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) कमी चढतं का बघायचं, असे प्रयोग पुष्कळ झालेत. पण तिथला अर्क मोजूनमापून दिलेला असतो. आमच्या बाटलीवर परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही; नुसतं हिरवं पान.

"औषधानंतर दोन तास पाणी नाही. आणि डॉक्टरांना बोलू नका, त्यांना हे पटत नाही." दिवसातून तीनदा औषध, म्हणजे सहा तास अण्णा कोरडे. तोंड सोलवटलेलं, घोट गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना तर पाणी टाळायला निमित्तच मिळालं.

चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन 1.0 वरून 1.9, पोटॅशियमही चढलेलं, 5.8. सिस्प्लॅटिन थांबवलं. "बाहेरचं काही घेताय?" अण्णा माझ्याकडे बघतायत, मी फरशीकडे. शेवटी आईनेच पिशवीतून बाटली काढली. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "दोष सिस्प्लॅटिनचा किती, बाटलीचा किती, न प्यायलेल्या पाण्याचा किती, आता सांगता येणार नाही. पण पुनर्नव्यात पोटॅशियम असतं, आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही."

पुनर्नवा म्हणजे आमच्या बांधावरची घेटुळी. आजी पावसाळ्यात तिची भाजी करायची, फुकटात.

त्या माणसाचा फोन बंद. पावती नाही, मग तक्रारीत नाव कुणाचं लिहू? तुम्हाला कुणी असं काही दिलं, तर बाटली आधी आपल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. 'सांगू नका' म्हणाला, की त्याला तिथूनच वाटेला लावा.

तिसरी बाटली अजून फडताळात आहे, सीलही न फोडलेली. आई टाकू देत नाही. म्हणते, 2800 ची आहे.