साखरपुडा ते लग्न: पत्र की व्हॉट्सॲप?

भाच्याचा साखरपुडा झालाय, लग्न थेट वैशाखात. "मामा, तुम्ही म्हणे मामीला पत्रं लिहायचात?" हसतच विचारलं त्यानं. लिहायचो की. तेही 2018 साली, खिशात स्मार्टफोन असताना. दोन्ही करून बसलोय, म्हणून सांगतो.

सोयीला व्हॉट्सॲपच. साडीचा रंग, आईचा बीपी, एसटी कुठं अडकली, हे काय पत्रानं कळवणार? शिवाय पत्र घरात कुणाच्याही हाती लागतं. माझं दुसरंच पत्र मेहुण्यानं भर पंगतीत मोठ्यानं वाचलं होतं. फोनला निदान कुलूप असतं.

निळ्या टिकांचाही मला फारसा जाच नव्हता. "काय करायलीस?" "काही नाही. तुम्ही?" "काही नाही." एवढ्यावर बारा वाजायचे, तेही गोडच लागायचं. वैताग दुसराच. एका रात्री तिचा मेसेज आला आणि मी चार्जिंगवरून फोन काढेपर्यंत गायब! मेसेज डिलीट केल्याची पाटी तेवढी उरलेली. विचारलं, तर "काही नाही, चुकून गेला." आठवडाभर डोक्यात तेच. पाठवलेलं पुसायची ही सोय 2017 मध्ये आली. कुणाला सुचली देव जाणे.

शेवटी पोस्टातून अडीच रुपयेवाली पाच आंतरदेशीय पत्रं आणली. परभणीहून अंबाजोगाईला पोचायला तीन-चार दिवस. 431517 हा पिन अजून तोंडपाठ आहे. आत काही घालू नये असं त्या पत्रावरच छापलेलं असतं, तरी दसऱ्याला मी आपट्याचं पान घातलं. पोचेपर्यंत चुरा. तिनं उलट लिहिलं, "सोनं मोडून पाठवलंत होय?"

तिच्या पहिल्या पत्रात 'श्री.'च्या आधी एक शब्द खोडलेला होता. चांगला तीन-चारदा गिरवून. कागद पातळ, ट्यूबलाइटसमोर उलटा धरला तर 'प्रि' दिसला, मग 'य'. फोनवर असता तर गेला असता बिचारा, पाटी ठेवून.

आता तुमची पिढी वेगळी. तुझ्या होणाऱ्या बायकोला हातानं लिहायचा कंटाळा असेल तर आग्रह नको धरूस. रोजच्याला फोन आहेच. पण महिन्यातून एखादं पत्र जमलं तर बघ. आणि तिला साधं बॉलपेन घेऊन दे. जेलपेननं खोडलेलं उजेडात धरूनही वाचता येत नाही.